वास नाही

आमच्याकडे मापाचा पेला नाही.
खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे,
पाच आणि दहाच्या रेघा असलेलं. तेच घेतलं.

जिन सहा टोपणं.
लिंबू दोन. कागदी, बिया काढून.
मध पेठकडचा, त्र्यंबक नाक्यावर एक बाई
रमच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकते, तो.
गारव्यात मध हट्टी पोरासारखा तळाशी बसून राहतो,
म्हणून आधी तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवायचा.
दिवसभर वायनरीच्या लॅबमध्ये मी आंबटपणा मोजते,
दशांश चिन्हापुढे दोन घरं.
घरी हे असं, टोपणाने.

नाना स्टूल ओढून ओट्याशी बसले.
सत्त्याऐंशी पूर्ण. सगळी नोकरी दारूबंदीत.
बंदी सैल झाली, खात्याची पाटी बदलली,
नाक तेच राहिलं.
स्वतः आयुष्यात थेंब नाही.
"परवाना आहे?"
"आहे. आजीवन."
"कारण काय लिहिलंस?"
"आरोग्य."
"सगळे तेच लिहायचे," म्हणाले.

मग नाव विचारलं. सांगितलं: मधमाशीचे गुडघे.
त्या देशात, त्या काळी, म्हणजे आपलं 'एक नंबर'.
"मधमाशीला गुडघे असतात?"
"सहा पाय आहेत नाना, असतीलच."
"दुखत नसतील," म्हणाले, आणि स्वतःचे चोळले.

सांगितलं की तिकडेही बंदी होती, शंभर वर्षांपूर्वी.
लोक म्हणे न्हाणीच्या टबात जिन करायचे.
"आम्हाला नांदूरच्या विहिरीत सापडली होती,
ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून सोडलेली.
नवसागर, सडका गूळ, काय वाट्टेल ते.
पण त्यात मध कशाला?"
"वास लपवायला."

यावर ते काही बोलले नाहीत.

फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा,
फ्रिजमधला बर्फ, ज्याला किंचित मेथीचा वास येतो,
वर नॅपकिन गुंडाळून खडखड, खडखड,
खालच्या मजल्यावरच्या बागूलकाकूंना वाटलं असणार
नळ बिघडला.
बोटं डब्याला चिकटायला लागली की थांबायचं.
चहाच्या गाळणीतून ग्लासात उतरलं
सोनचाफ्याच्या पाकळीच्या पाठीइतकं पिवळं.

नानांनी ग्लास उचलला. नाकाशी नेला.
बराच वेळ.

"एकसष्ट साल. रविवार कारंजा.
रात्री साडेदहाला खैरे कंपाउंडर
सायकल हातात धरून चाललेला. बसून नाही, धरून.
म्हटलं, हा कर.
केला त्याने.
लिंबू. मध. आणि त्यांच्या खाली
सकाळीच मी काठीने फोडलेल्या मडक्याचा वास."

"मग?"

"म्हणाला, साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय.
खोकूनही दाखवलं.
इतकं वाईट खोकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही."

"आणि तुम्ही?"

"वहीत लिहिलं, वास नाही.
बत्तीस वर्षांत तेवढी एक नोंद खोटी."

का, ते मी विचारलं.
नानांनी ओट्यावरचं टोपण उचललं,
उजेडात धरून दहाची रेघ पाहिली,
जागेवर ठेवलं.
"थंडी फार होती," म्हणाले.

ग्लास माझ्याकडे सरकवला.
आधी आंबट, मागून मध,
आणि घोट उतरून गेल्यावर कुठूनतरी
नुकत्याच तासलेल्या ओल्या लाकडासारखी जिन.
मेथी नाही. बरं झालं.

अर्धा संपला तेव्हा ते स्टुलावरून उठले,
गुडघ्यांवर हात देत, दोन हप्त्यांत.
समोर उभे राहिले. पाठ सरळ.
"हा कर."

केला.

डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला,
कपाळावर आठी,
तशीच, जशी कारंजाच्या दिव्याखाली पडली असेल.

"वास नाही," म्हणाले,
आणि पायजम्याच्या नसलेल्या खिशाकडे हात नेला,
वहीसाठी.